पोलिसांबद्दल लोकांचा अनुभव विचारायचाय? आपल्या भागात सर्व्हे करणाऱ्यांसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

आपल्या भागातलं पोलिस स्टेशन लोकांशी कसं वागतं हे कळायला सध्या आपल्याकडे काय असतं, तर पेपरातल्या बातम्या, कट्ट्यावरच्या गप्पा आणि सरकारी आकडे. सरकारी आकडे म्हणजे एनसीआरबीचे (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था) किंवा आपल्या राज्याच्या सीआयडीचे, आणि ते सगळे नोंद झालेल्या गुन्ह्यांचे. जिला "उद्या या, साहेब नाहीत" म्हणून परत पाठवलं ती बाई त्यात नसते. आणि ज्याची सायकल, मोबाईल, मजुरी काहीतरी गेलं पण जो पोलिस स्टेशनची पायरी चढलाच नाही, तो माणूस तर कुठल्याच रजिस्टरात नसतो. सर्व्हे करायचा तो मुख्यतः या दोघांपर्यंत पोचण्यासाठी, हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुढचे सगळे निर्णय, म्हणजे कुणाला विचारायचं, काय विचारायचं, कुठे उभं राहायचं, हे त्यावरच ठरतात.

हा लेख सोशल वर्कची पोरं, महिला मंडळं, कामगार संघटना, सोसायट्यांचे फेडरेशन, वकिलांचे छोटे ग्रुप, अशा पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे. मोठी एजन्सी नाही, लाखांचा फंड नाही, दहा-बारा माणसं आणि दोन महिने आहेत असं धरून लिहितोय.

आधी इतरांनी काय केलंय ते बघून घ्या

अमेरिकेत त्यांचं न्याय खातं ठराविक वर्षांनी खास पोलिस आणि जनता संपर्काचा सर्व्हे करतं, १६ वर्षांवरच्या लोकांना गेल्या १२ महिन्यांत पोलिसांशी काय काय संबंध आला ते विचारतात. इंग्लंडमध्ये १९८२ पासून घरोघरी जाऊन गुन्ह्यांचा सर्व्हे होतो, त्यात पोलिसांबद्दलचे प्रश्न असतात. आपल्याकडे कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांनी २०१८ पासून भारतातल्या पोलिसिंगच्या स्थितीवर रिपोर्ट काढायला सुरुवात केली, मुंबईत प्रजा फाउंडेशन घरोघरी सर्व्हे करून रिपोर्ट काढतं. यांच्या प्रश्नावल्या मिळतील तेवढ्या वाचा पण जशाच्या तशा उचलू नका. अमेरिकन फॉर्ममध्ये गाडी थांबवण्यावर पानंच्या पानं आहेत कारण तिथे लोकांचा पोलिसांशी बराचसा संबंध गाडी चालवतानाच येतो. आपल्याकडे पासपोर्टचं व्हेरिफिकेशन, नाकाबंदी, भाडेकरूची नोंद, मंडळाची परवानगी, हरवलेल्या मोबाईलची तक्रार, अशी वेगळीच यादी होते.

हद्द ठरवा

एकच पोलिस स्टेशन घ्या. "पुणे शहरातल्या पोलिसांबद्दल" असला विषय पहिल्या झटक्यात घेऊ नका, तो झेपत नाही, आणि शेवटी जो रिपोर्ट होतो तो घेऊन जायचं कुणाकडे हेच कळत नाही. एका स्टेशनची हद्द घेतली की समोर एक पीआय (पोलिस इन्स्पेक्टर, स्टेशनचा प्रमुख) असतो, त्याच्या हातात करण्यासारख्या काही गोष्टी असतात आणि तुम्हाला वर्षाने परत जाऊन विचारता येतं.

हद्द नीट माहिती करून घ्या कारण पोलिस स्टेशनची हद्द आणि महापालिकेचा वॉर्ड एक नसतात. बऱ्याचदा रस्त्याच्या अलीकडचे लोक एका स्टेशनात आणि पलीकडचे दुसऱ्यात. स्टेशनात बीटप्रमाणे (बीट म्हणजे हद्दीचे छोटे भाग) हद्द लिहिलेली असते ती मागा, सहज नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, त्याच अर्जात गेल्या वर्षी दाखल झालेले एफआयआर आणि एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) किती तेही विचारून घ्या, नंतर तुलनेला लागतं. एफआयआरची कल्पना तर पोलिसांच्या वेबसाइटवरूनही येते, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलंय की संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाकायचे.

किती लोकांना विचारायचं, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं

लोक म्हणतात ४०० जण पुरेत. ४०० जणांचा सर्व्हे नीट चिठ्ठी टाकल्यासारखा निवडलेला असेल तर अंदाजात साधारण ५ टक्के इकडेतिकडे होतं, हे बरोबर आहे. १०० लोक घेतले तर १० टक्के, १००० घेतले तर ३ टक्के. पण हे गणित सगळ्या ४०० जणांनी उत्तर दिलेल्या प्रश्नाला लागू आहे. समजा त्यातल्या फक्त १५ टक्के लोकांचा गेल्या वर्षात पोलिसांशी संबंध आला, तर "तुमची तक्रार लिहून घेतली का" हा प्रश्न विचारायला तुमच्याकडे उरतात फक्त ६० जण, आणि ६० जणांवर अंदाज चुकायची शक्यता १२-१३ टक्क्यांवर जाते. त्यातून परत बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, वस्ती वेगळी, सोसायटी वेगळी असं पाडायला गेलात तर प्रत्येक खान्यात पंधरा माणसं आणि त्यावरून तुम्ही काहीही म्हणू शकत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, पहिला टप्पा खूप छोटा ठेवायचा, दोन मिनिटांचा, हजार-बाराशे लोकांना फक्त "या यादीतलं काही घडलं का" एवढंच विचारायचं आणि ज्यांचं हो आहे त्यांच्याशीच लांब बोलायचं. दुसरा, १२ महिन्यांऐवजी दोन-तीन वर्षं मागे जायचं, पण मग आठवणीचा घोळ होतो. मी पहिलाच सुचवेन, पायपीट वाढते पण हातात काहीतरी ठोस येतं, आणि ज्यांचा संबंध आला नाही त्यांचीही नोंद राहते.

तिसरा एक शॉर्टकट लोक घेतात, पोलिस स्टेशनच्या गेटवर उभं राहून बाहेर पडणाऱ्यांना विचारायचं. नका करू. गेटवर माणूस घाबरलेला असतो, आतून हवालदार बघत असतो, आणि मुख्य म्हणजे जे कधी आत गेलेच नाहीत ते तिथे भेटणारच नाहीत.

व्हॉट्सअपवर गुगल फॉर्म फिरवणं हाही सर्व्हे नाही. ज्यांना राग आलाय किंवा ज्यांच्या घरात कुणी पोलिसात आहे तेच भरतात, शिवाय एकच माणूस दहादा भरू शकतो. प्रश्न कळतायत का हे तपासायला फॉर्म फिरवा हवा तर, पण त्यातून टक्केवारी काढू नका.

माणसं निवडायची कशी

सगळ्यात सोपी आणि फुकट यादी म्हणजे मतदार यादी. लोकनीतीवालेही मतदार यादीतूनच नावं काढतात. यादी भागवार असते, एका भागात साधारण हजारभर नावं असतात, आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळते. आपल्या पोलिस स्टेशनच्या हद्दीत येणारे भाग आधी वेगळे काढा, मग त्यातले वीसेक भाग चिठ्ठ्या टाकून निवडा. "ओळखीचे आहेत म्हणून हा भाग घेऊ" असं नाही. थोडेच भाग घेऊन प्रत्येकात शंभर माणसं घेण्यापेक्षा जास्त भाग घेऊन प्रत्येकात थोडी माणसं घ्या, कारण एका चाळीतल्या लोकांचा अनुभव एकसारखा असतो, तिथे शंभर जणांना विचारून नवीन काही कळत नाही.

भागातून नावं अशी काढायची. समजा भागात ११०० नावं आहेत आणि तुम्हाला ३५ हवीत, तर ११०० भागिले ३५ म्हणजे ३१. एक ते एकतीस चिठ्ठ्यांतून एक उचला, १७ आली तर १७ वं, ४८ वं, ७९ वं नाव, असं दर ३१ वं नाव घेत जा. हजारभर लोकांपर्यंत पोचायचं असेल तर ३५ चा आकडा वाढवावा लागेल कारण कुणी गाव सोडलेलं असतं, कुणी वारलेलं असतं, कुणी बोलत नाही. पण एक नियम कडक पाळा, नाव सापडलं नाही म्हणून शेजारच्याला विचारायचं नाही. घरात जो बसलेला असतो त्यालाच विचारत गेलात तर सगळा सर्व्हे रिटायर झालेल्या काकांचा होतो. संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी परत जा, किमान तीनदा जा, मगच सोडा.

आणि यादीत नसलेली माणसं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मतदार यादीत कोण नसतं? १८ च्या आतले, बांधकामावरचे परप्रांतीय मजूर, ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, फुटपाथवर राहणारे, भाड्याच्या खोलीतली पोरं, आणि बऱ्याचदा पारधी, वडार, डोंबारी अशा भटक्या विमुक्तांच्या पालांवरचे लोक. आणि पोलिसांशी सगळ्यात जास्त संबंध याच लोकांचा येतो. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं त्यांची त्या कायद्यातून सुटका ३१ ऑगस्ट १९५२ ला झाली, पण गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचं ही सवय सुटायला कायदा रद्द होऊन पुरत नाही. मतदार यादीवरून केलेला सर्व्हे म्हणेल की ८० टक्के लोकांना पोलिसांचा काही त्रास नाही, आणि तो आकडा खरा असूनही गावाच्या कडेला राहणाऱ्या वीस घरांचं आयुष्य त्यात दिसणार नाही.

म्हणून या गटांसाठी वेगळा, छोटा सर्व्हे करा आणि त्याचे आकडे मुख्य आकड्यांत मिसळू नका, वेगळे छापा. फेरीवाले, रिक्षावाले, कचरा वेचणाऱ्या बायका, तृतीयपंथी, देहविक्री करणाऱ्या महिला, यांच्यापर्यंत त्यांच्या संघटनांमार्फत जा, थेट जाऊन प्रश्न विचारलेत तर ते तुम्हाला पोलिसांचा खबरी समजतील, आणि त्यांचं तसं समजणं बरोबरच आहे.

प्रश्न

पहिलीच मोठी चूक म्हणजे "गेल्या वर्षात तुमचा पोलिसांशी संबंध आला का?" असं विचारणं. समोरची व्यक्ती लगेच म्हणते, नाही बाबा, आम्ही कशाला पोलिसांच्या भानगडीत. कारण पोलिसांशी संबंध म्हणजे काहीतरी वाईट, घराण्याची अब्रू, असंच आपल्याकडे डोक्यात असतं. आणि याच घरात दोन महिन्यांपूर्वी पासपोर्टच्या चौकशीला पोलिस येऊन चहा पिऊन गेलेले असतात. म्हणून यादी वाचून दाखवायची आणि प्रत्येकावर हो-नाही घ्यायचं: पासपोर्ट किंवा चारित्र्य पडताळणी, भाडेकरूची माहिती देणं, नाकाबंदीत थांबवलं, ई-चलन किंवा रस्त्यावर दंड, ११२ ला फोन, काही हरवल्याची तक्रार, चोरी-मारामारी-फसवणुकीची तक्रार, सायबर फसवणूक, घरगुती भांडणात पोलिस आले, चौकशीला बोलावलं, कुणाला सोडवायला किंवा भेटायला गेलात, मंडळाची किंवा कार्यक्रमाची परवानगी, मोर्चा-मिरवणुकीत बंदोबस्ताशी गाठ पडली. शेवटी "यातलं नाही असं काही?" गावात असाल तर पोलीस पाटलाकडे गेलात का हेही घाला, खूप गोष्टी तिथेच मिटतात आणि स्टेशनपर्यंत येतच नाहीत.

यादीच्या बरोबरीने दुसरा प्रश्न हवाच, "असं काही घडलं का की पोलिसांकडे जायला हवं होतं पण गेला नाहीत?" आणि का नाही गेलात. उत्तरं साधारण ठरलेली असतात, उपयोग नाही, हेलपाटे मारावे लागतात, समोरचा माणूस वजनदार आहे, बाईमाणूस एकटी कशी जाणार, पैसे मागतील, घरच्यांनी नको म्हटलं, मागे एकदा अनुभव वाईट आला. यांचे पर्याय करून ठेवा पण वाचून दाखवू नका, माणसाला स्वतःच्या शब्दांत बोलू द्या आणि तुम्ही खूण करा.

काळ सांगताना "गेल्या बारा महिन्यांत" म्हटलं तर लोक दोन वर्षांपूर्वीचंही सांगतात, मोठी घटना नेहमी जवळची वाटते. सण धरा. सर्व्हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असेल तर "मागच्या वर्षीच्या गणपतीपासून या गणपतीपर्यंत", एप्रिलमध्ये असेल तर पाडवा ते पाडवा. मुस्लिम वस्तीत रमजान ईद धरा, पण ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते हे तारखा लावताना लक्षात ठेवा.

मग ज्यांचं हो आलं त्यांना सगळ्यात अलीकडच्या एकाच घटनेबद्दल खोलात विचारायचं. सगळ्या घटनांबद्दल एकत्र विचारलं की राग एकाचा आणि उत्तर दुसऱ्याचं असं होतं. "समाधानी आहात का" या प्रश्नापेक्षा घडलेल्या गोष्टी विचारा. ठाणे अंमलदाराने (स्टेशनात तक्रार घेणारा पोलिस) बसायला सांगितलं का. किती वेळ थांबावं लागलं. तुमचं पूर्ण ऐकून घेतलं का. लिहून घेतलं का, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं का. कागद दिला का. त्या कामासाठी किती वेळा जावं लागलं. अरेतुरे केलं का. शिवी दिली का, हात उचलला का. महिला असेल तर महिला पोलिस होती का. पुढे काय झालं हे कुणी कळवलं का.

यातले बरेच प्रश्न थेट कायद्याला धरून लिहिता येतात आणि तसे लिहावेत, म्हणजे रिपोर्ट बघून कुणी "लोकांच्या अपेक्षाच जास्त आहेत" असं म्हणू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र (ज्यात पोलिस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची खबर कुठल्याही हद्दीतली असली तरी घ्यायची, यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तक्रारदाराला कळवायचं, हे कलम १९३ मध्ये आहे. साक्षीसाठी महिलेला, १५ च्या आतल्या मुलाला, ६० च्या वरच्या माणसाला किंवा अपंग व्यक्तीला घर सोडून दुसरीकडे यायची सक्ती करता येत नाही, हे कलम १७९. म्हणून "आमच्या हद्दीत येत नाही असं सांगून परत पाठवलं का", "प्रतीचे पैसे मागितले का", "तीन महिन्यांत काही कळवलं का", "आजींना चौकीत बोलावलं का" असे सरळ प्रश्न करा.

एफआयआर झाला की एनसी झाली हे बहुतेकांना सांगता येत नाही, त्यांच्या लेखी "कंप्लेंट दिली" एवढंच. फरक मोठा आहे, एनसीत मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिस तपासच करू शकत नाहीत, त्यामुळे चोरीची एनसी करून दिली की माणूस तक्रार झाली म्हणून घरी जातो आणि तपास कधी सुरूच होत नाही. म्हणून विचारा की कागदावर वर काय छापलं होतं, आठवत नसेल तर घरात असेल तर बघून सांगा म्हणा. कागदाचा फोटो मात्र काढू नका. पर्यायांत "अर्ज घेतला, चौकशी करून सांगतो म्हणाले" हाही ठेवा. सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याला एफआयआर बंधनकारक केला, आणि नव्या संहितेत ३ ते ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत डीवायएसपींच्या (पोलिस उपअधीक्षक) परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळे हे उत्तर आता बरंच येणार आणि ते नियमात बसतं का हे तपासायला तारीख लागेल.

पैशाचा प्रश्न हलक्या हाताने विचारावा लागतो. "लाच दिली का" विचारलंत तर नाहीच म्हणणार, देणाराही गुन्ह्यात अडकू शकतो हे लोकांना माहीत असतं. "या कामात चहापाणी, झेरॉक्स, गाडीचं पेट्रोल असा काही खर्च झाला का" असं विचारा, आणि कुणाला दिले ते विचारूच नका. पासपोर्ट व्हेरिफिकेशनवाल्यांकडून याचं उत्तर मोकळेपणाने मिळतं.

एका वाक्यात दोन प्रश्न नकोत. "पोलिस वेळेवर येतात आणि नीट बोलतात का" यात वेळेवर येऊन शिवी देणाऱ्याचं काय करायचं? आणि मत विचारणारे प्रश्न, म्हणजे विश्वास वाटतो का, अडचणीत असलात तर जाल का, श्रीमंत-गरीब किंवा आपली जात-धर्म बघून वागणूक बदलते का, हे अनुभवाच्या आधी विचारलं की वेगळी उत्तरं येतात आणि नंतर विचारलं की वेगळी. मी अनुभव आधी आणि मत शेवटी ठेवतो कारण घडलेलं सांगताना माणूस मोकळा होत जातो. तुम्ही काहीही ठरवा, पण सगळ्यांना एकाच क्रमाने विचारा. "माहीत नाही" आणि "सांगायचं नाही" हे दोन वेगळे पर्याय हवेत. एखाद्या वस्तीत "सांगायचं नाही" ढिगाने आलं तर तेच तिथलं उत्तर असतं.

सगळं मिळून २० मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. आणि खऱ्या सर्व्हेआधी पंचवीस-तीस लोकांवर करून बघा, हद्दीच्या बाहेरच्या लोकांवर.

लोकांची सुरक्षा

इथे हयगय चालणार नाही. तुम्ही लोकांना त्यांच्यावर सत्ता असलेल्या माणसांबद्दल बोलायला लावताय. आपल्याकडे सर्व्हे करणाऱ्याच्या वह्यांना कायद्याचं खास संरक्षण नाही, त्या मागितल्या जाऊ शकतात, जप्त होऊ शकतात. त्यामुळे सोपा उपाय म्हणजे जे लिहिलेलंच नाही ते कुणी नेऊ शकत नाही. फॉर्मवर नाव नाही, फोन नाही, घर नंबर नाही, फक्त कोड. कोड आणि पत्त्याची यादी एकाच माणसाकडे, कागदावर, आणि काम झालं की नष्ट. सही घेऊ नका, सहीने लोक घाबरतात आणि तोच पुरावा होतो, तोंडी संमती पुरे. कोबो टूलबॉक्स हे सर्व्हेचे फॉर्म भरायचं ॲप वापरणार असाल, आणि वापराच कारण नेट नसतानाही मोबाईलवर चालतं, तर त्यात जीपीएस आणि ऑडिओ रेकॉर्डिंग बंद आहे ना हे स्वतः तपासा. पोलिसाचं नाव किंवा बक्कल नंबरही लिहून घेऊ नका, तुम्ही तक्रार नोंदवत नाही आहात, आणि एका माणसाच्या सांगण्यावर एका अधिकाऱ्याचं नाव छापलंत तर बदनामीची केस ठरलेली.

संमतीला एवढं बोललं तरी चालतं: "नमस्कार, आम्ही अमुक संस्थेकडून आलोय, पोलिसांकडे जाताना लोकांना काय अनुभव येतो ते विचारतोय. आम्ही पोलिसांचे, सरकारचे किंवा कुठल्या पक्षाचे नाही. तुमचं नाव लिहिणार नाही. एखादं उत्तर नको वाटलं तर देऊ नका, मध्येच थांबायचं असेल तर थांबू. याने तुमचं काम होईल असं आम्ही सांगू शकत नाही. बोलूया का?" शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. लोक लगेच आपली केस पुढे करतात आणि खोटी आशा लावणं वाईट.

बाईशी बोलताना नवरा किंवा सासू येऊन बसली तर घरगुती भांडणाचे प्रश्न सोडून लगेच रस्ता-वाहतूक-पासपोर्टवर या, असे दोन-तीन साधे प्रश्न तयारच ठेवा. बलात्काराच्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही कुठे लिहायचं नाही, तो गुन्हा आहे. आणि एक गोष्ट टीममधल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवी, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे, गुप्ततेचं वचन तिथे चालत नाही. म्हणूनच सुरुवातीला "काहीही सांगा, कुणाला कळणार नाही" असं बोलू नका. अशा वेळी काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे एखाद्या वकील बाईंशी आधीच बोलून ठेवा. प्रत्येक घरात जाताना एक चिठ्ठी देऊन या, त्यावर ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, सायबर फसवणुकीला १९३०, फुकट कायदेशीर मदतीला १५१०० एवढे नंबर पुरेत.

पोलिसांना कळवायचं का

कळवा. परवानगी मागणारा अर्ज देऊ नका, माहिती देणारं पत्र द्या, पीआयला आणि वर एसीपी (सहायक पोलिस आयुक्त) किंवा डीवायएसपींना, आणि पोच घ्या. पत्रात सर्व्हेची तारीख, संस्था, जबाबदार माणसाचा फोन, आणि नावं गोळा करणार नाही हे स्पष्ट लिहा. वस्तीत चार अनोळखी पोरं फॉर्म घेऊन फिरतायत असा फोन कंट्रोलला गेला की ही पोच कामाला येते. काही अधिकारी स्वतःहून "सोबत कॉन्स्टेबल देतो" म्हणतात, चांगल्या मनाने म्हणतात, पण नम्रपणे नको म्हणा. नगरसेवकाचा माणूसही सोबत नको. निवडणुकीची आचारसंहिता, जमावबंदी, किंवा भागात नुकताच ताणतणाव झालेला असेल तर महिनाभर पुढे ढकला.

टीममध्ये निम्म्या मुली हव्यात, आणि बायकांशी मुलींनीच बोलायचं. भाषा बघा, सोलापुरात विडी कामगार बायकांशी तेलुगूत बोलावं लागेल, मालेगाव-भिवंडीत उर्दूत, नंदुरबारकडे अहिराणी आणि भिल्लीत. प्रश्न छापील मराठीत ठेवून तोंडी भाषांतर ऐनवेळी करायचं नाही, आधीच सगळ्यांनी बसून ठरवायचं नाहीतर प्रत्येक जण वेगळाच प्रश्न विचारतो. दोन दिवस ट्रेनिंग द्या, एकमेकांवर सराव करा, आणि "बापरे!", "हे लोक असेच असतात" अशी प्रतिक्रिया तोंडातून निघणार नाही याचा खास सराव करा. उत्तर ऐकून तुमचा चेहरा बदलला की पुढचं उत्तर बदलतं. रोज रात्री फॉर्म तपासा, दहा टक्के घरांत दुसऱ्या कुणीतरी जाऊन खरंच कुणी आलं होतं का विचारून या.

आकडे मांडताना

एक्सेल पुरतं. आधी लिहा की किती नावं निवडली, किती भेटले, किती नाही म्हणाले. टक्क्यांसोबत माणसांचा आकडा नेहमी द्या, "४० टक्के" नको, "६० पैकी २४" लिहा. ३० पेक्षा कमी माणसं असतील तिथे टक्के काढूच नका. पाचपेक्षा कमी असतील तर तो खाना छापू नका, छोट्या गावात ती माणसं कोण हे लगेच ओळखू येतं. भेटलेल्यांत पुरुष जास्त असतील तर बायका-पुरुषांचे आकडे वेगळे द्या. चांगलं निघालं तेही छापा, रात्री ११२ वर फोन केल्यावर गाडी पटकन आली असं लोक सांगत असतील तर ते पहिल्या पानावर यायला हवं, त्या हवालदारांनाही कुणीतरी सांगायला हवं.

आणि मग

रिपोर्ट पेपरला द्यायच्या आधी दोन ठिकाणी न्या. पहिलं वस्तीत, ज्यांनी वेळ दिला त्यांच्यासमोर, मराठीत आणि त्यांच्या भाषेत, एका पानावर. दुसरं पीआयकडे, आणि त्यांना उत्तर द्यायला पंधरा दिवस द्या, उत्तर आलं तर रिपोर्टमध्ये छापा. भेटीत पन्नास मागण्या ठेवू नका, स्टेशनच्या हातात असलेल्या तीन मागा: प्रत्येक तक्रारदाराला पोच किंवा प्रत, थांबणाऱ्यांना बसायला बाक आणि पाणी, आणि पासपोर्ट व्हेरिफिकेशन फुकट असतं असा मोठा बोर्ड. मनुष्यबळ, बदल्या, क्वार्टर्स हे पीआयच्या हातात नसतं, ते आयुक्त किंवा एसपींच्या पत्रात लिहा. गंभीर तक्रार असलेल्या माणसाला राज्य पोलिस तक्रार प्राधिकरणाचा रस्ता दाखवा, सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालाने अशी प्राधिकरणं नेमायला सांगितली, पण तिथे जायचं की नाही हे त्या माणसानेच ठरवायचं.

पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, तेच प्रश्न, त्याच क्रमाने, नवीन चिठ्ठ्या काढून परत करा. प्रश्नांचे शब्द सुधारायचा मोह होईल पण शब्द बदलले की तुलना गेली. म्हणून कोरा फॉर्म, निवडलेल्या भागांचे नंबर आणि ट्रेनिंगच्या नोंदी दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि पत्त्यांची यादी आजच जाळा.